ऑफ सीझनची कामांची यादी बिघाडांच्या नोंदींवरून कशी आखावी

सांगली जिल्ह्यात कृष्णा-वारणेच्या काठच्या साखर कारखान्यांत हंगाम संपला की मिल हाऊसमधली, म्हणजे ऊस गाळण्याच्या विभागातली, जवळजवळ प्रत्येक वस्तू उघडली जाते आणि बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी ती पुन्हा बसवली जाते. कामांची यादी बहुधा गेल्या वर्षीचीच असते, फक्त तारीख बदललेली. ही पद्धत सुरक्षित वाटते, पण ती दोन बाजूंनी महाग पडते: जे हंगामाच्या मध्यावर हमखास झिजणार आहे त्याला ऑफ सीझनपर्यंत हात लागत नाही, आणि जे उत्तम चालले होते ते विनाकारण खोलले जाते.

पहिले काम म्हणजे कोणत्या यंत्राच्या बंद पडण्याने गाळप थांबते, ते ठरवणे. गव्हाण (ऊस आत नेणारा पट्टा), लेव्हलर (उसाचा थर सारखा करणारे यंत्र), फायबरायझर (ऊस कुटून तंतू मोकळे करणारे यंत्र), चार मिल आणि बगॅस कॅरिअर (उसाचा चोथा वाहून नेणारा पट्टा) ही एकामागे एक जोडलेली साखळी आहे. समजा अशा आठ यंत्रांपैकी प्रत्येक यंत्र दिवसभर विनाबिघाड चालण्याची शक्यता ९९ टक्के आहे, तर संपूर्ण साखळीची शक्यता ०.९९ चा आठवा घात, म्हणजे सुमारे ९२ टक्के उरते. साधारण तेरा दिवसांत एकदा गव्हाण थांबणार आणि गाडीतळावरचा ऊस वाळणार, असा याचा अर्थ. ज्या ठिकाणी जोडीला स्टँडबाय, म्हणजे राखीव, पंप आहे तिथले गणित वेगळे असते. म्हणून यादीत प्रत्येक यंत्रापुढे ‘थांबवते’ किंवा ‘थांबवत नाही’ एवढे तरी लिहावे.

यानंतर नोंदी. इथेच बहुतेकांचे घोडे अडते. पाळीच्या लॉगबुकात ‘बेअरिंग गेले, बदलले’ एवढीच ओळ असते, तीही ग्रीसच्या बोटाने अर्धी पुसलेली. विश्लेषणाला तीन गोष्टी लागतात: भाग बसवल्यापासून चाललेले तास, बिघाडाचे नेमके कारण, आणि न बिघडता काढलेल्या किंवा अजून चालू असलेल्या भागांचेही तास. तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. फक्त बिघडलेले भाग मोजले तर आयुष्य आहे त्यापेक्षा कमी दिसते. शिवाय ग्लँडचे (पंपाच्या दांड्याभोवतीच्या गळतीरोधकाचे) पाणी शिरून गेलेले बेअरिंग आणि झिजून गेलेले बेअरिंग एकाच तक्त्यात घालू नये. ते दोन वेगळे आजार आहेत.

स्वीडिश अभियंता वालोदी वायबुल यांच्या १९५१ च्या लेखामुळे प्रसिद्ध झालेली वितरण पद्धत, म्हणजे किती तासांपर्यंत किती भाग जातील याचा अंदाज काढण्याची रीत, थोड्या नोंदींवरही चालते, म्हणून ती कारखान्याला सोयीची आहे. एक कल्पित उदाहरण घेऊ: एकाच प्रकारच्या इंजेक्शन पंपांची पाच बेअरिंगे १४५०, २१००, २६००, ३१५० आणि ३९०० तासांनी झिजून गेली. तास चढत्या क्रमाने मांडून प्रत्येकापुढे (क्रमांक − ०.३) ÷ (एकूण संख्या + ०.४) हे गुणोत्तर लिहावे. त्या तासांपर्यंत किती भाग गेलेले असतील, याचा तो अंदाज. पहिल्याचे सुमारे १३ टक्के आणि मधल्याचे ५० टक्के येते. हे बिंदू वायबुल आलेखावर, म्हणजे या पद्धतीसाठी खास मोजपट्ट्या आखलेल्या कागदावर, मांडून सरळ रेषा काढली की तिचा उतार, म्हणजे बीटा, सुमारे २.७ येतो, आणि ज्या तासांपर्यंत ६३.२ टक्के भाग गेलेले असतात तो ईटा सुमारे ३००० तास येतो. काही भाग न बिघडता काढलेले असतील तर क्रमांक त्याप्रमाणे सुधारून घ्यावे लागतात. पाच नोंदींवरचा आकडा हा अंदाज आहे, हे मात्र विसरू नये.

बीटा काय सांगतो, यावर सारी आखणी अवलंबून आहे. तो एकापेक्षा बराच मोठा असेल तर भाग वयाने झिजतो आणि ठरावीक तासांनी बदलणे फायद्याचे असते. तो एकच्या आसपास असेल तर नवा आणि जुना भाग सारख्याच शक्यतेने जाईल, म्हणून बदलून काहीच मिळत नाही. तिथे कंपन, तापमान आणि तेलाची तपासणी करावी. आमच्याकडचा ऑइलमन स्क्रू ड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या टोपीवर टेकवून मूठ कानाला लावतो. कंपनमापक घेतल्यानंतरही मी त्याचे ऐकणे बंद केलेले नाही. बीटा एकपेक्षा कमी असेल तर दोष बहुधा बसवण्यात किंवा सुट्या भागात असतो. एका कारखान्यात असताना मी सुरळीत चाललेला गिअरबॉक्स केवळ यादीत आहे म्हणून उघडायला लावला, आणि मोळीपूजनानंतर आठवड्याच्या आतच चुकलेल्या अलाइनमेंटमुळे (दांडे एका रेषेत न बसल्यामुळे) त्याचे कपलिंग, म्हणजे दांडे जोडणारा भाग, गेले. अमेरिकन विमानसेवेतील अनुभवावर आधारलेल्या १९७८ च्या नोलन आणि हीप यांच्या अहवालात वयाची मर्यादा घालून फायदा होईल असे भाग फक्त ११ टक्के निघाले होते. साखर कारखाना म्हणजे विमान नव्हे, उसासोबत येणारी माती आणि वाळू इथे झीज वाढवते. तरीही सरसकट उघडण्याची सवय तपासून पाहायला तो आकडा पुरेसा आहे.

आता बदलण्याची वेळ. वरच्या बेअरिंगसाठी १२० दिवसांचा, म्हणजे २८८० तासांचा हंगाम विनाबिघाड पार पडण्याची शक्यता जेमतेम ४१ टक्के आहे. ९० टक्के खात्री हवी असेल तर मर्यादा सुमारे १३०० तासांवर येते. पण खात्रीपेक्षा खर्चाने ठरवणे अधिक चांगले. गाळपाचे नुकसान धरून अचानक बिघाडाचा खर्च नियोजित बदलाच्या दहापट असेल, तर सर्वांत स्वस्त वेळ साधारण ११०० तासांना, म्हणजे पंचेचाळीस दिवसांच्या आसपास येते. बॉयलिंग हाऊसच्या, म्हणजे रस आटवून साखर करण्याच्या विभागाच्या, सफाईसाठी घेतलेल्या थांब्याशी ती जुळवता येते. स्टँडबाय पंप असल्याने तोच खर्च दुपटीवर आला, तर ही वेळ सुमारे २५५० तासांपर्यंत सरकते आणि त्या ठिकाणी खर्चाचा आलेख इतका सपाट असतो की बदल ऑफ सीझनपर्यंत लांबवला तरी फारसे बिघडत नाही. मात्र स्टँडबाय पंप दर आठवड्याला खरोखर चालवून पाहावा, कारण बंद पंपाचा बिघाड गरज पडेपर्यंत दिसत नाही. बॉयलरची कायद्याने होणारी तपासणी आणि सुरक्षा व्हॉल्व्ह या गणितात आणूच नयेत. तिथे खर्चाची तुलना लागू होत नाही.

अशा रीतीने यादीचे तीन भाग पडतात: तासांवर बदलायचे, तपासत राहायचे, आणि न उघडता चालू द्यायचे. तिसऱ्या भागावर चीफ इंजिनिअरची लेखी सही घ्यावी, नाहीतर ‘एकदा बघून घ्या’ म्हणत कोणीतरी झाकण काढतोच. सुटे भागही यावरूनच मागवावेत: हंगामात दोनदा बदलायचे बेअरिंग पहिल्या पाळीपासून स्टोअरमध्ये हवे.

पुढच्या हंगामाची नोंद मात्र याच हंगामात सुरू होते. काढलेल्या प्रत्येक बेअरिंगला तारेने टॅग बांधावा. त्यावर पंप क्रमांक, चाललेले तास आणि रेस, रोलर व पिंजरा यांची अवस्था लिहावी, आणि ती नोंद वहीत उतरल्याशिवाय स्टोअरकीपरने ते भंगारात घेऊ नये.