रायफलसाठी एकच ऑल-राउंड बुलेट निवडायची तर

हँडलोडिंग (म्हणजे आपली काडतुसं आपणच भरणं) सुरू केलं की बुलेटचे पाच-सहा डबे जमतात आणि एकाचाही लोड (दारूचं माप) धड बसत नाही, मी दोन सीझन असेच घालवले. म्हणून नवीन माणसाला मी एकच सांगतो, मधल्या वजनाची एक साधी बुलेट धरा आणि तिच्यावरच काम करा. (बुलेट म्हणजे फक्त पुढचा धातूचा तुकडा बरं का, अख्खं काडतूस नाही.)

आधी डायमीटर बघा, कॅलिबरच्या नावावर जाऊ नका. .२७० विंचेस्टरला ०.२७७ इंचाची बुलेट लागते, .३०३ ब्रिटिशला ०.३११ च्या आसपासची, आणि .३०८ अन् .३०-०६ दोघांनाही ०.३०८ चीच चालते.

मग वजन. ते ग्रेनमध्ये मोजतात, ७००० ग्रेन म्हणजे १ पाउंड. .३०८ मध्ये १५० पासून १८० पर्यंत सगळं सर्रास मिळतं, मी १६५ घेतो, कारण १५० पेक्षा ती वाऱ्यात कमी सरकते आणि १८० पेक्षा खांद्याला सौम्य. सेक्शनल डेन्सिटी (जाडीच्या मानाने वजन) बघायची तर १५० ची ०.२२६, १६५ ची ०.२४८ आणि १८० ची ०.२७१, म्हणजे १६५ खरंच मधोमध बसते.

आता ट्विस्ट, म्हणजे बॅरलच्या आतल्या खाचांचा पीळ, इथे बरेच जण फसतात. बॅरलला फरक पडतो तो बुलेटच्या लांबीचा, वजन आपण फक्त अंदाजासाठी वापरतो. .२२३ चं बॅरल १२ इंचाला एक फेरा असं असेल तर ५५ ग्रेन छान उडते, पण ७७ ग्रेनला ८ किंवा ७ इंचाचा ट्विस्ट हवा, नाहीतर बुलेट डगमगते आणि टार्गेटवर गोल भोकाऐवजी आडवं लांबट भोक दिसतं. पूर्ण तांब्याची बुलेट त्याच वजनाच्या शिशाच्या बुलेटपेक्षा लांब असते कारण तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तांब्याची घेताना एक पायरी हलकी घ्या.

बांधणीबद्दल माझं मत पक्कं आहे. फुल मेटल जॅकेट (शिशावर टोकापर्यंत धातूचं कवच, म्हणजे जॅकेट) फक्त कागदावर मारायला, ती लागल्यावर फुलत नाही, शिकारीत जनावर जखमी होऊन पळतं आणि हाल होऊन मरतं, ते कुणीच करू नये. मॅच (नेमबाजी स्पर्धेच्या) बुलेटच्या टोकाला भोक दिसतं म्हणून ती फुलेलच असं समजू नका, ते भोक जॅकेट मागून पुढे ओढून बनवतात म्हणून राहतं. रेंज आणि शिकार दोन्ही करायचं असेल तर शिशाच्या गाभ्याची साधी सॉफ्ट पॉइंट (टोकाला शिसं उघडं असलेली) घ्या. मोठ्या, जाड हाडाच्या जनावरासाठी बाँडेड (गाभा जॅकेटला पक्का जोडलेली), किंवा जॉन नोस्लरने १९४८ मध्ये बाजारात आणलेली पार्टिशन, जिच्यात मधे पडदा असतो आणि पुढचा भाग फुटला तरी मागचा टिकून आत जातो. बऱ्याच शिकारी बुलेटना नीट फुलायला सेकंदाला १८०० फुटांच्या आसपास वेग लागतो, त्याखाली गेलात तर काही खरं नाही.

फ्लॅट बेस (सपाट बूड) की बोट टेल (निमुळतं बूड) यावर लोक फार भांडतात, ३०० यार्डांच्या आत काही फरक पडत नाही. फक्त रायफलला ट्यूब मॅगझीन (काडतुसं एकामागे एक राहतात ती नळी) असेल तर टोकदार कडक बुलेट अजिबात नको, टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला (दारू पेटवणाऱ्या टोपीला) टेकतं आणि झटक्याने ते मॅगझीनमध्येच उडू शकतं.

बुलेट बदलली की लोड पुन्हा खालून सुरू, वजन तेच असलं तरी, कारण जॅकेटचा कडकपणा आणि बॅरलला घासणारी लांबी वेगळी म्हणजे प्रेशर वेगळं. मॅन्युअलमध्ये त्याच बुलेटचा स्टार्टिंग लोड बघा आणि तिथून थोडा थोडा वाढवा. एकच डबा आणा, पाच-पाच राउंडचे निदान तीन ग्रुप (एकाच नेमावरच्या भोकांचे पुंजके) मारा, मधे बॅरल थंड होऊ द्या, एका छान ग्रुपवर भाळू नका. तिन्ही ग्रुप पटले की त्याच लॉटचे (एका खेपेत बनलेले) आणखी डबे घेऊन ठेवा, आणि लॉट नंबर लोडिंगच्या वहीत लिहा.