तिथी पाहून गुहागरला: सातारा-सांगलीकरांसाठी

सातारा, कराड किंवा सांगलीहून कोकणात निघताना बेत बहुधा सुट्ट्या पाहूनच ठरतो. गुहागर तालुक्यासाठी मात्र दिनदर्शिकेतील तिथीही पाहावी. उत्तरेस वाशिष्ठीची दाभोळ खाडी, दक्षिणेस शास्त्री नदीची जयगड खाडी आणि पश्चिमेस अरबी समुद्र, असा हा भूभाग तीन बाजूंनी पाण्याने वेढलेला आहे. त्यामुळे तेथे कोणत्या वेळी काय दिसेल आणि किनाऱ्यावर कोठवर चालता येईल, हे भरती-ओहोटीच ठरवते.

साताऱ्याहून येणाऱ्यांनी उंब्रजला आणि सांगलीहून येणाऱ्यांनी कराडला महामार्ग सोडून पाटण, कोयनानगर, हेळवाकमार्गे कुंभार्ली घाट उतरावा. कराड ते चिपळूण सुमारे १०० किलोमीटर आणि तेथून गुहागर आणखी सुमारे ४५ किलोमीटर आहे. घाट शक्यतो दिवसाउजेडी उतरावा. पावसाळ्यात धुके दाट असते आणि दरडी कोसळतात, म्हणून निघण्यापूर्वी रस्त्याची चौकशी करावी. घाटाच्या पायथ्याशी पोफळी लागते. सातारा जिल्ह्यात अडवलेले कोयनेचे पाणी वीजनिर्मितीनंतर याच बाजूला वाशिष्ठीत सोडले जाते, म्हणजे आपल्याकडचे पाणी आपल्याआधीच दाभोळच्या खाडीकडे निघालेले असते. इंधन आणि रोख रक्कम चिपळुणातच घेतलेली बरी.

भरतीच्या वेळेचा कोकणातील ठोकताळा सोपा आहे. शुद्ध किंवा वद्य पक्षातील तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते: चतुर्थीला ३, अष्टमीला ६, पौर्णिमेला सव्वाअकरा. दुसरी भरती सुमारे साडेबारा तासांनी येते आणि दोन्हींच्या मधोमध ओहोटी असते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असल्याने पाणी फारसे चढत नाही.

हा हिशेब सर्वाधिक उपयोगी पडतो तो हेदवीला. तेथे उमामहेश्वराच्या मंदिराजवळ कातळात बामणघळ नावाची अरुंद भेग आहे. भरतीच्या लाटा तिच्यात शिरून कोंडल्या की पाणी जोराने उंच उसळते. ओहोटीला गेल्यास केवळ कोरडी खाच पाहून परतावे लागते. माझ्या मते यासाठी चतुर्थीचा दिवस उत्तम. सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी असताना गुहागरच्या लांबलचक पुळणीवर निवांत चालावे, व्याडेश्वराचे दर्शन घ्यावे, नंतर हेदवीच्या दशभुज गणेशाकडे जावे आणि दुपारी तीनच्या आधी घळ गाठावी. (संकष्टी असल्यास उपवास करणाऱ्यांना मोदकांसाठी चंद्रोदयापर्यंत थांबावे लागेल, एवढीच अडचण.) शेवाळलेला कातळ निसरडा असतो, म्हणून घळीच्या काठापासून दूर उभे राहावे आणि मुलांचा हात सोडू नये. ऐन पावसाळ्यात खडकांवर उतरूच नये.

अंजनवेलचा गोपाळगड आणि तेथील दीपगृह यांना तिथीचे बंधन नाही. कासप्रमाणेच येथील सडेही जांभ्याचे आहेत. त्यांवर सावली नसते, तेव्हा पाणी आणि टोपी बरोबर हवी. वेळणेश्वरला मंदिर आणि किनारा दोन्ही आहेत. जेवणासाठी घरगुती खाणावळीत सकाळीच कळवून ठेवावे, कारण ऐनवेळी गेल्यास स्वयंपाक नव्याने सुरू होतो. १ जून ते ३१ जुलै या काळात सागरी मासेमारी बंद असते, त्यामुळे तेव्हा ताज्या सुरमईचा आग्रह धरू नये.

सांगलीकरांनी परतताना तवसाळहून फेरीबोटीने गाडीसह जयगडला उतरावे आणि निवळी, हातखंबा, आंबा घाट, मलकापूर, कोकरूड, शिराळा असे घरी यावे. त्यामुळे तोच रस्ता पुन्हा करावा लागत नाही. मात्र शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्यावी, कारण ती चुकली तर खाडीला वळसा घालून जाण्यात बराच वेळ जातो आणि आंबा घाटात अंधार पडतो.