डरहॅममध्ये विद्यार्थी म्हणून राहताना

इंग्लंडच्या ईशान्येकडील डरहॅम शहराचा जुना भाग वेअर नदीच्या एका मोठ्या वळणात, उंच कड्यावर वसलेला आहे. माथ्यावर १०९३ मध्ये बांधकाम सुरू झालेले कॅथेड्रल आहे आणि त्याच्या समोरच्या किल्ल्यात, १८३२ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाच्या एका कॉलेजचे विद्यार्थी आजही राहतात. या वास्तूंची भुरळ पडणारच. परंतु येथील वर्षे सुखाची जातील की ओढाताणीची, हे बव्हंशी राहण्याच्या जागेवर ठरते.

डरहॅममधील कॉलेज म्हणजे राहण्याची, जेवणाची आणि ओळखीपाळखी होण्याची जागा होय. व्याख्याने विभागांमार्फत होतात. त्यामुळे कॉलेजांची पसंती कळवताना आपल्या विभागाचा पत्ता नकाशावर आधी पाहावा. बेली या जुन्या रस्त्यावरची कॉलेजे कॅथेड्रलच्या सावलीत आहेत, तर विज्ञानाच्या प्रयोगशाळा दक्षिणेकडे असल्यामुळे त्या विद्यार्थ्यांना टेकडीवरची कॉलेजे सोयीची पडतात. जेवणाची सोय असलेल्या कॉलेजात न खाल्लेल्या जेवणाचेही पैसे आधीच भरलेले असतात, म्हणून शाकाहारी किंवा स्वतः रांधू इच्छिणाऱ्याने स्वयंपाकघर असलेले कॉलेज निवडणे बरे. काही कॉलेजांत औपचारिक भोजनाला गाऊन, म्हणजे पदवीदान समारंभात घालतात तसा झगा, घालतात. तो नवा घेण्याआधी सीनिअर विद्यार्थ्यांकडे जुना मिळतो का, ते विचारावे.

खरी कसोटी दुसऱ्या वर्षाच्या घराची असते. पहिल्या सत्रात, म्हणजे सोबत्यांची नावे नीट लक्षात राहू लागतात तोच, पुढच्या वर्षाच्या घरांसाठी धावपळ सुरू होते आणि ‘आता सही केली नाही तर काहीच उरणार नाही’ अशी हवा पसरते. या घाईला बळी पडू नये, असे माझे ठाम मत आहे. संयुक्त भाडेकरारात प्रत्येक जण पूर्ण भाड्याला जबाबदार असतो, म्हणजे एखाद्या सोबत्याने भाडे थकवले तर घरमालक ते उरलेल्यांकडून वसूल करू शकतो. त्यामुळे घर पाहण्याआधी माणसे पारखावीत. घर राखून ठेवण्यासाठी एका आठवड्याच्या भाड्याहून अधिक रक्कम मागता येत नाही, अनामत साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्यापर्यंतच घेता येते आणि ती तीस दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवावी लागते. ब्रिटनमध्ये राहणारा हमीदार मागितला जाईल का, हेही आरंभीच विचारावे, कारण परदेशी विद्यार्थ्याची गाडी बहुधा तिथेच अडते.

रेल्वेच्या उंच पुलाजवळच्या व्हायाडक्ट भागात विद्यार्थ्यांची वस्ती दाट आहे. तेथील जुन्या चाळवजा घरांच्या बाहेरच्या भिंती बहुधा भरीव विटांच्या असतात. हिवाळ्यात त्या गार पडतात आणि स्वयंपाकाची किंवा घरात वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ त्यांवर बसून बुरशी धरते. म्हणून घर पाहताना बाहेरच्या भिंतीला टेकलेले कपाट थोडे पुढे ओढून मागे काळे ठिपके आहेत का ते पाहावे, एकाच कोपऱ्याला ताजा रंग दिसल्यास कारण विचारावे आणि सध्याच्या भाडेकरूंना, दलाल समोर नसताना, जानेवारीत गॅसचे बिल किती आले होते ते विचारावे. त्यानंतर त्या घरापासून विभागापर्यंत एकदा स्वतः चालून जावे. नकाशावर जवळ दिसणारी वाट प्रत्यक्षात चढाची निघते, आणि पावसात जुन्या गल्ल्यांतील दगडी फरशी निसरडी होते, तेव्हा बुटांचा तळ पकड धरणारा हवा. डिसेंबरात दुपारी चारच्या आधीच सूर्य मावळतो. अंधार पडल्यावर, विशेषतः मद्यपानानंतर, नदीकाठची पायवाट टाळून उजेडाच्या रस्त्याने जावे, मग फेरा पडला तरी चालेल.

उरलेली कामे किरकोळ वाटली तरी पहिल्याच पंधरवड्यात उरकावीत. व्हिसासोबत सरकारी आरोग्यसेवेसाठीचा अधिभार भरलेला असतोच, म्हणून जवळच्या जीपीकडे, म्हणजे त्या सेवेतील स्थानिक डॉक्टरकडे, नाव नोंदवून घ्यावे. घरातील सर्व जण पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर कौन्सिल टॅक्स, म्हणजे राहत्या घरावरचा स्थानिक कर, लागत नाही, मात्र त्यासाठी विद्यापीठाचे प्रमाणपत्र नगरपरिषदेकडे सादर करावे लागू शकते. पदवी अभ्यासक्रमाच्या व्हिसावर सत्र चालू असताना सामान्यतः आठवड्याला वीस तासच नोकरी करता येते आणि ही मर्यादा सर्व कामांची मिळून मोजली जाते. डाळी-मसाल्यांसाठी न्यूकॅसल रेल्वेने सुमारे पंधरा मिनिटांवर आहे. महिन्याचे सामान दोघातिघांनी मिळून एकाच फेरीत आणावे.