लातूरहून मोटरसायकलवर लेहला निघायचंय? आधी गाडी आणि तंबू बघा

गाडी मिस्त्रीकडे दोन आठवडे आधी टाका, आदल्या दिवशी नको. नवे ब्रेक शू बसायला थोडं अंतर चालवावंच लागतं. लातूर-नांदेड करून या. कुरकुर असली तर इथंच कळेल.

माझा सगळा जीव चेनवर. चाक हळूहळू फिरवत तीन-चार ठिकाणी बोटानं चेन वर-खाली करून बघा. एका जागी ढिली, दुसऱ्या जागी ताठ लागली, तर नुसती चेन नको, स्प्रॉकेटसकट (चेनची दातेरी चाकं) पूर्ण सेट बदला. नवी क्लच केबल जुनीच्या शेजारूनच ओवून टेपनं बांधून ठेवा. वाटेत तुटली तर फक्त टोकं अडकवायची. मडगार्डच्या आतली वाळलेली काळी माती मात्र खरवडूनच काढा.

तंबू गच्चीवर लावा, वरून बादलीभर पाणी ओता, आत जाऊन शिवणी चाचपा. इथल्या उकाड्यात जाड स्लीपिंग बॅग ओझं वाटते, पण मनाली-लेह वाटेवरचं मुक्कामाचं ठिकाण सारचू ४,२०० मीटरच्या वर आहे, ती घ्याच. जड सामान खाली आणि सीटला चिकटून बांधा, कॅरिअरच्या टोकाला नको. त्याच वाटेवर सारचूच्या आधी लागणाऱ्या टांडी गावात टाकी काठोकाठ भरा आणि कॅनमध्येही पेट्रोल घ्या.