डटन घराण्यात आता कोणाचा नंबर? अंदाज बांधायची रीत

‘यलोस्टोन’ ही अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या डटन घराण्याची आणि त्यांच्या रँचची, म्हणजे गुरांच्या मोठ्या मळ्याची, मालिका. ती बघायला चार टाळकी जमली की पहिल्या भागापासून एकच वाद सुरू होतो: आता कोण मरणार? वाद रंगतो, पण दोन आठवड्यांनी कोण काय म्हणालं होतं ते कोणालाच आठवत नाही आणि जो तो ‘मी म्हटलंच होतं’ म्हणतो. म्हणून आधी वही करा.

साधी शंभर पानी वही पुरते. पाच रकाने आखा: पात्र, काय होणार, कोणत्या भागापर्यंत, किती टक्के खात्री आणि शेवटचा रकाना ‘काऊन?’, म्हणजे का. हा शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. तिथलं कारण एका ओळीत मावत नसेल तर तो अंदाज नाही, नुसती इच्छा आहे. भाकीतही तपासता येईल असंच लिहायचं. ‘त्याचं काही खरं नाही’ हे चालणार नाही. ‘सीझन संपायच्या आत मरेल’ हे चालेल.

भाग सुरू होण्याआधी पाच मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून आपापल्या चिठ्ठीवर लिहायचं, मग बोलायचं. उलट केलंत तर घरातला मोठा काका जे म्हणेल तेच बाकीचे लिहितात आणि सात जणांचा मिळून एकच अंदाज उरतो.

गुण असे द्या. पात्र मेलं तर १, जगलं तर ०. तुमची खात्री दशांशात घ्या, म्हणजे ८० टक्के असेल तर ०.८. दोन्हींतला फरक काढून त्याचा वर्ग करा. ८० टक्के म्हटलं आणि पात्र मेलं तर ०.०४, जगलं तर ०.६४. ज्याची सरासरी कमी, तो पुढे. कायम ५० टक्के लिहिणाऱ्याची सरासरी ०.२५ येते. दहा-बारा अंदाजांनंतर तुमची सरासरी त्याहून जास्त असेल, तर तुम्ही आवडत्या पात्राच्या मायेत अडकून लिहिताय. पैसे मात्र लावू नका, तो सट्टा होतो. हरणाऱ्याने रविवारी सकाळी तर्री पोहे आणायचे, एवढं पुरे.

एप्रिल-मेमध्ये बसणार असाल तर कूलर खिडकीच्या बाहेर हवा आणि सबटायटल्स सुरू हवीत. मोंटानाच्या काऊबॉयांचे उच्चार आधीच दबके, त्यात कूलरची घरघर. धमकीचं नेमकं वाक्य हुकतं आणि अंदाज तिथेच फसतो. लाइटचा भरवसा नसेल तर भाग आधी डाऊनलोड करून ठेवा. पात्राचं नाव फोनवर शोधू नका, पहिली दोन अक्षरं टाकताच खालच्या सूचनांत त्याचा मृत्यू दिसतो. नवीन मालिका चालू असताना हे जास्त जपा: अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रविवारी रात्री आठला लागलेला भाग हिवाळ्यात आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेसहाला असतो, म्हणजे तुम्ही चहा घेईपर्यंत बातमी फुटलेली असते.

आता खुणा कशा वाचायच्या ते. यापुढे शेवटापर्यंतच्या गोष्टी उघड होतील. मालिका संपवली नसेल तर इथेच थांबा.

पहिली खूण जमीन. भावकीच्या वाटण्या पाहिलेल्या विदर्भातल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. कोण चांगलं, कोण वाईट हे बाजूला ठेवा आणि या रँचचा सातबारा डोळ्यांसमोर आणा: नाव कोणाचं, वारस कोण, सही कोणाची लागते, विकायला कोण तयार आहे. रँचमालक जॉन डटनचा मोठा मुलगा ली पहिल्याच भागात जातो, आणि तिथून वारशाची रांग कायमची मोडते. त्यानंतर प्रत्येक संकट ‘जॉननंतर कोण?’ याच प्रश्नावर येऊन थांबतं.

दुसरी खूण उधारी. वहीच्या मागच्या पानांवर न फिटलेले हिशेब मांडा, कोणाचं कोणाकडे आणि कधीपासून. जॉनची मुलं जेमी आणि बेथ, यांचं खातं सगळ्यात जुनं: किशोरवयात तो तिला ज्या दवाखान्यात घेऊन गेला, त्यापायी तिचं आई होणंच संपलं. चौथ्या सीझनच्या शेवटी ती त्याचा प्रेत टाकतानाचा फोटो काढते तो ‘ट्रेन स्टेशन’वर, म्हणजे शेजारच्या वायोमिंग राज्याच्या हद्दीतल्या ज्या कड्यावरून रँचवाले प्रेतं टाकतात तिथे. त्या दिवशी जेमीपुढे ८५ टक्के लिहिणारा बरोबर होता. शेवटच्या भागात बेथच त्याला मारते आणि प्रेत त्याच कड्यावरून जातं.

तिसरी खूण पडद्याबाहेरची, आणि ती बाकी सगळ्यांवर मात करते. जून २०२४ मध्ये जॉनचं काम करणाऱ्या केविन कॉस्टनरने आपण परतणार नसल्याचं जाहीर केलं. १० नोव्हेंबरला पाचव्या सीझनचा उरलेला अर्धा सुरू झाला तेव्हा जॉन डटन मेलेला होता. कलाकार सोडून गेल्याची पक्की बातमी असेल तर कथेतल्या खुणा खोडून थेट ९० लिहा. शंभर कधीच नाही. जुन्या ‘डॅलस’ मालिकेत १९८५ साली बॉबी हे पात्र मेलं आणि १९८६ मध्ये नट परतल्यावर अख्खा सीझन स्वप्न ठरवला गेला.

नवखे सगळ्यात जास्त फसतात ते सीझनच्या शेवटी. तिसरा सीझन संपताना जॉनला रस्त्याकडेला गोळ्या लागतात, बेथच्या ऑफिसात स्फोट होतो आणि जॉनचा मुलगा केसी याच्यावर त्याच्या ऑफिसात हल्ला होतो. तिघंही वाचतात. सीझनचा शेवट प्रेक्षकाला अडकवून ठेवायला लिहिलेला असतो. प्रेत दिसलं नाही तर मृत्यूचा अंदाज २० टक्क्यांच्या वर नेऊ नका. ट्रेलरवर तर अजिबात विसंबू नका, त्यात वेगवेगळ्या प्रसंगांचे तुकडे शेजारी लावून नसलेला अर्थ तयार केलेला असतो.

कोणतीही उधारी नसलेली माणसंही मरतात, हेही धरून चाला. रँचवरचा गडी कोल्बी, कार्टर नावाच्या पोराला वाचवताना घोड्याच्या तावडीत सापडून गेला. त्याच्या खात्यावर काहीच नव्हतं. बंकहाऊसमधल्या, म्हणजे गड्यांच्या राहत्या खोलीतल्या, प्रत्येक गड्यापुढे निदान १० टक्के ठेवलेले असावेत.

उरल्या त्या आधीच्या पिढ्यांच्या मालिका, ‘१८८३’ आणि ‘१९२३’. तिथे वंशावळ हाच पुरावा. नंतरच्या काळात ज्याचा वंश दिसतो, तो मूल होईपर्यंत मरू शकत नाही. ‘१९२३’ बघताना जॉनचा आजोबा जॅक की स्पेन्सर हा वाद यामुळेच एवढा पेटला, आणि उत्तर स्पेन्सर निघालं.

वंशावळ कागदावर काढलीत की ‘१८८३’मधलं भाकीतही तपासता येतं. सात पिढ्यांनी आमचे लोक ही जमीन परत घेतील, असं मूळनिवासी स्पॉटेड ईगल पहिल्या पिढीतल्या जेम्स डटनला सांगतो. शेवटी केसी ती एकरी सव्वा डॉलरने ब्रोकन रॉकच्या मूळनिवासी लोकांना विकतो, म्हणजे भाकीत खरं झालं. पण पिढ्या मोजा: जेम्स, स्पेन्सर, दुसरा जॉन, तिसरा जॉन (‘यलोस्टोन’मधला), केसी, त्याचा मुलगा टेट. टेट सहावाच. सातवी पिढी जन्मण्याआधीच जमीन गेली. म्हणून पात्राच्या तोंडच्या भविष्यवाणीवरून ‘काय होणार’चा रकाना भरा, ‘कोणत्या भागापर्यंत’चा कोरा सोडा.