खाडीच्या गाळातलं विष कसं तपासावं

दिवस अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपासचा धरा. उधाणाला मुंबईत भरती दुपारी बारा-एकच्या सुमाराला येते, त्यामुळे सकाळी सहा-साडेसहाला पाणी सगळ्यात खाली गेलेलं असतं आणि एरवी झाकलेला चिखल उघडा पडतो. माहीम असो की शिवडी, एकट्याने उतरू नका. तिथल्या कोळी बांधवांपैकी कुणाला तरी सोबत घ्या; कुठला चिखल कमरेपर्यंत आत घेतो हे त्यांनाच माहीत असतं. कांदळवनात किंवा ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्यात जायचं तर आधी वन विभागाची परवानगी काढा.

धातूंसाठी प्लॅस्टिकचा चमचा आणि प्लॅस्टिकचीच बरणी घ्या. दोन्ही रात्रभर १० टक्के नायट्रिक आम्लात भिजवून शुद्ध पाण्याने धुतलेली हवीत. कीटकनाशकं किंवा तेलातले घटक शोधायचे असतील तर मात्र काचेची बरणी आणि स्टीलचा चमचा. इथे गल्लत झाली की पुढे लाखाचं यंत्रही ती दुरुस्त करू शकत नाही.

वरचा पाच सेंटिमीटरचा थर उचला, एका जागचे किमान तीन नमुने. चिखल कापला की वर तपकिरी पापुद्रा दिसतो आणि खाली सडक्या अंड्याच्या वासाचा काळा थर. तो काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा. कॅडमियम, तांबं, जस्त यांना सल्फाइड बांधून ठेवतं, पण हवा लागली की तो थर फिका पडू लागतो आणि बांधलेला धातू सुटू शकतो. म्हणून सल्फाइडच्या चाचणीची बरणी काठोकाठ भरा, झाकणाखाली हवा राहू देऊ नका. सगळे नमुने बर्फात, अंधारात न्या.

धातू बारीक कणांना चिकटतात, म्हणून ६३ मायक्रॉनच्या नायलॉन जाळीतून गाळा. पितळी चाळणी तांबं-जस्त स्वतःच देते. वाळवताना तापमान ४० अंशांच्या वर नेऊ नका, नाहीतर पारा उडतो. प्रत्येक खेपेला एक कोरा नमुना (ज्यात गाळच नाही) आणि एक प्रमाणित नमुना (ज्यातलं धातूंचं प्रमाण आधीच ठाऊक आहे) सोबत चालवा.

आता आकडे वाचायचे. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. अमेरिकेच्या नोआ या सागर व हवामान संस्थेची तांब्याची खालची मर्यादा, म्हणजे जिच्याखाली जीवांना अपाय क्वचितच होतो ती पातळी, किलोमागे ३४ मिलिग्रॅम आहे, आणि आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात तांबं मुळातच १०० च्या पुढे असू शकतं. नुसतं ‘मर्यादा ओलांडली’ म्हणून कारखान्याकडे बोट दाखवू नका. धातूचं ॲल्युमिनियमशी गुणोत्तर काढा (ॲल्युमिनियम मुख्यतः पाषाणातूनच येतं) आणि त्याच जागच्या खोल, जुन्या थराशी ताडून पाहा. शिसं (खालची मर्यादा ४६.७) आणि पारा (०.१५) या पाषाणात फार कमी असतात, त्यामुळे ते वाढलेले दिसले तर माणसाचा हात असण्याची शक्यता मोठी.

जीवांवरची चाचणी दहा दिवसांची: पाच भांडी, प्रत्येकात तपासायचा गाळ आणि वीस ॲम्फिपॉड (गाळात राहणारे कोळंबीसारखे इवलेसे जीव). स्वच्छ गाळातच ९० टक्के जगले नाहीत तर चाचणी बाद धरा. भांड्यातला अमोनियाही मोजा, कारण सांडपाण्याच्या गाळात प्राणी कित्येकदा धातूंनी नव्हे, अमोनियाने मरतात.