हा पाऊस किती वर्षांचा?

हवामान आणि भूरूपांची घडण या विषयावर पीएचडी करताना माझ्या कामाची पहिली दखल घेतली गेली, ती एका परिषदेत मिळालेल्या विद्यार्थी पोस्टरच्या बक्षिसामुळे. पण आधीच्या वर्षी तेच काम मांडलं होतं, तेव्हा काहीच मिळालं नव्हतं. या दोन वर्षांत काय बदललं, ते नव्याने या वाटेला येणाऱ्यांसाठी लिहितो आहे.

माझा प्रश्न साधा होता: जास्त पाऊस पडतो तिथे डोंगर जास्त वेगाने झिजतात का? त्यासाठी नदीपात्रातली वाळू आणायची, चाळून पाव ते अर्ध्या मिलिमीटरचे कण वेगळे काढायचे, त्यातलं क्वार्ट्झ (गारगोटीचं खनिज) आम्लात धुऊन शुद्ध करायचं आणि त्यातलं बेरिलियम-१०, म्हणजे बेरिलियम या मूलद्रव्याचा एक दुर्मीळ प्रकार, मोजायचं. अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांच्या माऱ्याने ते क्वार्ट्झमध्ये साठत जातं. खडक पृष्ठभागाजवळ जितका जास्त रेंगाळतो तितकं ते जास्त साठतं. म्हणून ते कमी सापडलं तर झीज वेगाने होते आहे असं समजायचं. माझ्या आलेखात आडव्या अक्षावर पाऊस, उभ्या अक्षावर झीज, आणि मधून छान चढत जाणारी रेषा.

परीक्षक पोस्टरजवळ आल्या, रेषेवर बोट ठेवून म्हणाल्या, "हा पाऊस किती वर्षांचा?"

"तीस वर्षांची सरासरी."

"आणि ही झीज?"

मला उत्तर देता आलं नाही. रात्री वहीत हिशेब मांडला. बेरिलियम-१० मुख्यतः वरच्या साधारण ६० सेंटीमीटर खडकात तयार होतं, म्हणून एवढा थर झिजायला जितका काळ लागतो, साधारण तितक्या काळाची सरासरी झीज त्यातून कळते. वर्षाला ०.१ मिलिमीटर झीज असेल, तर एवढा थर जायला ६,००० वर्षं लागतात. ०.०२ मिलिमीटर असेल, तर ३०,००० वर्षं. म्हणजे माझ्या सगळ्यांत संथ नद्यांच्या सरासरीत सुमारे २०,००० वर्षांपूर्वीचा हिमयुगाचा कळसही आला होता, आणि मी तो आजच्या पावसाशी ताडून पाहत होतो.

दुसरी अडचण उताराची. डोंगर चढा असला की ढग अडतात, पाऊस वाढतो. आणि चढा डोंगर पाऊस नसतानाही जास्त झिजतो. मग श्रेय कोणाला द्यायचं? म्हणूनच हवाईतल्या काउआई बेटावरचा, २०१३ साली 'नेचर'मध्ये आलेला अभ्यास मला इतका मोलाचा वाटतो. सगळं बेट ज्वालामुखीच्या खडकाचं, पण एका बाजूला वर्षाला जेमतेम अर्धा मीटर पाऊस आणि डोंगरमाथ्यावर नऊ मीटरच्या वर. इतका फरक असल्याने नद्यांच्या खोदकामातला पावसाचा वाटा तिथे वेगळा काढता आला. जागा निवडतानाच अर्धा प्रबंध ठरतो, असं माझं ठाम मत आहे.

दुसऱ्या वर्षी मी प्रत्येक खोऱ्याशेजारी त्याची झीज किती वर्षांची सरासरी आहे ते लिहिलं, आणि सारख्या उताराच्या खोऱ्यांचीच आपसात तुलना केली. रेषा विस्कटली. खोरी कमी उरली. मात्र जे उरलं, त्यातल्या प्रत्येक बिंदूविषयी मला बोलता येत होतं. बक्षीस या पोस्टरला मिळालं.

आता व्यवहाराचं. युरोपियन जिओसायन्सेस युनियन आणि अमेरिकन जिओफिजिकल युनियन या दोन्हींच्या परिषदांत विद्यार्थी सादरीकरणाला पुरस्कार असतात. त्यांसाठी वेगळी नावनोंदणी करावी लागते. ती राहून गेल्यामुळे स्पर्धेतच नसलेली चांगली कामं मी पाहिली आहेत. जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिकाच्या भूरूपशास्त्र विभागाचे हॉवर्ड आणि मॅकिन हे पुरस्कार संशोधन-प्रस्तावासाठी आहेत: पहिला मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना, दुसरा पीएचडीच्या. निकाल हाती नसतानाही तिथे अर्ज करता येतो, म्हणून पहिल्याच वर्षी करा. प्रस्तावात कोणता निकाल आला तर तुमचं म्हणणं चुकीचं ठरेल, तेही लिहा. परीक्षक म्हणून अर्ज वाचताना मी हे वाक्य आधी शोधतो.

शिफारसपत्र मागताना गाइडला नुसती तारीख कळवू नका. वाळू कुठून गोळा केली, कोणती पद्धत तुम्ही स्वतः बसवली, कोणता निष्कर्ष स्वतःहून मागे घेतला, हे पानभर लिहून द्या. आठ-दहा विद्यार्थी सांभाळणाऱ्या गाइडला हे तपशील आठवतीलच असं नाही, आणि त्यांच्याविना पत्र कोणाच्याही नावाने खपेल असं होतं.